स्नोड्रॉप पहिल्यांदा लावताना: इंग्लंडातल्या ओल्या, सावलीच्या कोपऱ्यासाठी

इंग्लंडात घर घेतलं की मागच्या बागेत एखादा तरी कोपरा असा निघतो, ज्याचं काय करावं ते कळत नाही. ग्लॉस्टरशरमधल्या आमच्या घरामागे तो हेझलच्या झाडांखाली होता. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत माती ओली, वर शेवाळ, आणि उन्हाळ्यात पानांची गच्च सावली. गवत धरेना, गुलाब जगेना. आज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या जागेवर पाय ठेवायलाही जागा नसते, इतकी स्नोड्रॉपची पांढरी फुलं असतात. हे व्हायला नऊ वर्षं लागली आणि त्यातली पहिली दोन माझ्या चुकीमुळे वाया गेली.

ती चूक मराठी घरातून आलेल्या माणसाकडून सहज होते, म्हणून हे लिहिते आहे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांदा काढला की पात वाळू द्यायची, मान कापायची, सावलीत सुकवायचा आणि हवेशीर चाळीत भरायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं. कोरडा ठेवला तर टिकतो, ओल लागली की सडतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पहिल्या ऑक्टोबरमध्ये मी स्नोड्रॉपचे पन्नास सुके कंद मागवले, जाळीच्या पिशवीत शेडमध्ये टांगले आणि सवड मिळाली तेव्हा, म्हणजे तीन आठवड्यांनी, लावले. फेब्रुवारीत सात फुलं आली. थंडीने मेले असतील असं समजून पुढच्या वर्षी पुन्हा मागवले, पुन्हा तसेच सुकवले, पुन्हा तेच झालं.

स्नोड्रॉपचा कंद थंडीने मरत नाही. कोरडा पडला की मरतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीचं कारण हेच आहे.

आधी झाडाची ओळख

इथल्या जंगलांत, ओढ्याकाठी आणि चर्चच्या आवारात जो सगळीकडे दिसतो, तो साधा स्नोड्रॉप. शास्त्रीय नाव गॅलँथस निवॅलिस. ग्रीकमध्ये ‘गाला’ म्हणजे दूध आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल; ‘निवॅलिस’ हे लॅटिन, बर्फावरून. वीतभर किंवा त्याहून कमी उंची, दोन अरुंद निळसर हिरवी पानं, आणि एका दांड्यावर एकच खाली मान घातलेलं फूल. बाहेर तीन लांब पांढऱ्या पाकळ्या, आत तीन आखूड, आणि आतल्या प्रत्येक पाकळीच्या टोकाशी हिरवी खूण. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्रिटनमध्ये तो इतका मुरला आहे की मूळचा इथलाच वाटतो. पण त्याचं मूळ घर युरोपच्या मुख्य भूमीवर, पिरेनीजपासून पूर्वेला युक्रेनपर्यंत. वनस्पतिज्ञ जॉन जेरार्ड यांनी १५९७ मध्ये त्याचं वर्णन केलं, ते लंडनच्या बागांतलं फूल म्हणून. रानात आपोआप वाढताना त्याची नोंद व्हायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. बागेतून निसटून ओलसर जंगलात स्थिरावलेला हा पाहुणा आहे. त्यामुळे आपल्या बागेत तो कसा वागेल हे समजायचं असेल, तर त्याला जंगलात एकदा पाहून यावं.

जंगलात त्याचं वेळापत्रक अगदी चोख असतं. सह्याद्रीतले कंद, पांढरी मुसळीसारखे, जमिनीखाली पावसाची वाट पाहत बसतात आणि पहिल्या सरींबरोबर वर येतात. इथे पाऊस बारा महिने आहे, अडचण उजेडाची. मे महिन्यात ओक, हेझल, बीच यांची पानं फुटली की खाली अंधार पडतो. म्हणून स्नोड्रॉप झाडं उघडीबोडकी असतानाच, जानेवारी ते मार्चमध्ये, फुलतो, पानांतून पुढच्या वर्षाचं अन्न कंदात भरून घेतो आणि मे संपायच्या आत जमिनीखाली गुडूप होतो. रात्री कडक गोठलं तर पानं-फुलं जमिनीवर आडवी पडलेली दिसतील. घाबरू नका. ऊन चढलं की पुन्हा उभी राहतात.

आणखी एक गोष्ट. आजच्या वर्गीकरणात कांदा, लसूण, आपली पावसाळी लिली, डॅफोडिल आणि स्नोड्रॉप ही सगळी एकाच कुळात येतात. नातं आहे, पण स्वभाव उलटा, आणि स्नोड्रॉप विषारी आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण त्याचा कंद सोललेल्या छोट्या कांद्यासारखाच दिसतो. कंद स्वयंपाकघरात आणू नका, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ तर मुळीच नको. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात. लहान मूल किंवा कुत्रा कंद चावताना दिसला तर वाट न पाहता मुलासाठी १११ या आरोग्यसेवेच्या क्रमांकावर आणि कुत्र्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. त्याच्यातल्याच एका द्रव्याचं, गॅलँटामिनचं, आज अल्झायमरवर औषध आहे. १९५० च्या दशकात ते स्नोड्रॉपच्याच एका भावंडातून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. पण म्हणून कोणी घरगुती काढे करायला जाऊ नये.

काय काय लागेल

– खुरपं किंवा अरुंद पात्याचा हात-फावडा
– हातमोजे (चिकामुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते)
– कुजलेल्या पानांचं खत, दोन बादल्या. नसेल तर पीट नसलेलं कंपोस्ट
– जुनी वर्तमानपत्रं किंवा गोणपाट, आणि पाण्याची झारी
– जागा ओळखायला पट्ट्या किंवा बांबूच्या काड्या
– घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी. दोन ओळींचा ईमेल पुरतो
– कंद परदेशातून येणार असतील तर विक्रेत्याकडून परवान्यांची खात्री (याबद्दल तिसऱ्या पायरीत)

१. जागा ठरवा

फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, अशी दोनदा जागा बघा. फेब्रुवारीत तिथे आकाश दिसलं पाहिजे. म्हणजे वरचं झाड पानझडी हवं. हेझल, सफरचंद, बर्च, मॅपल, हॉथॉर्नचं कुंपण, सगळं चालतं. लॉरेल, लेलँडाय किंवा पाइन यांच्याखाली मात्र बारा महिने अंधार आणि कोरडं. तिथे कष्ट वाया जातात.

ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी बोटभर माती उकरा. आतून थंड आणि किंचित दमट लागली तर जागा उत्तम. भुकटी उडाली तर पानांचं खत भरपूर घालावं लागेल.

‘ओलसर’ म्हणजे ‘पाणथळ’ नव्हे. शेती केलेल्या घरातल्या माणसाला हे एका शब्दात कळतं: वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मुठीत दाबली तर लाडू होतो, पण पाणी गळत नाही. ही स्थिती स्नोड्रॉपला वर्षभर हवी. खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. तासाभरात मुरलं तर प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तो कोपरा त्याचा नाही. अशा ठिकाणी त्याची चुलत बहीण स्प्रिंग स्नोफ्लेक लावा, ती जास्त ओल सोसते. समर स्नोफ्लेक तर टेम्स आणि लॉडन नद्यांच्या काठच्या पुराच्या जमिनीत वाढते. तिला इकडे लॉडन लिली म्हणतात ते त्यामुळेच.

उतार असेल तर सोन्याहून पिवळं. फुलांची मान खाली असते, त्यामुळे जरा वरच्या बांधावर लावली तर आतली हिरवी खूण उभ्याने दिसते. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी जागा असेल तर ती आधी. फेब्रुवारीतल्या पावसात मागच्या टोकाला फुलं बघायला कोणी जात नाही.

२. कोरडे नको, हिरवे घ्या

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही.

बाजारात स्नोड्रॉप तीन रूपांत मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाकिटातले सुके कंद. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं आलेली छोटी कुंडी. आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर, फुलं ओसरताना पानांसकट उपटलेल्या, मुळं ओल्या कागदात गुंडाळलेल्या जुड्या. या तिसऱ्या प्रकाराला इथले लोक ‘इन द ग्रीन’ म्हणतात. पहिल्यांदा लावणाऱ्याने हाच घ्यावा.

सुका कंद का फसतो? कांद्याला बाहेरून कोरड्या पापुद्र्यांची जाड शाल असते, ती आतलं पाणी धरून ठेवते. स्नोड्रॉपच्या कंदाचा पापुद्रा अगदी पातळ, आणि कंद करंगळीच्या पेराएवढा. जंगलात त्याला पूर्ण कोरडं असं कधी राहावंच लागत नाही, उन्हाळ्यातही तो पाचोळ्याखालच्या थंड मातीत असतो. जूनमध्ये उकरून, गोदामात ठेवून, ऑक्टोबरमध्ये आपल्या हाती येईपर्यंत त्यातले बरेच आतून सुरकुतलेले असतात. अंगठ्याने दाबून बघा: टणक, भरीव लागला तर जिवंत, हलका, पोकळ लागला तर गेला.

सुके कंद स्वस्त असतात आणि ते घेण्याचा मोह होतोच. घेतलेच तर सप्टेंबरमध्ये, बाजारात आल्या आल्या, आणि घरी आणलेल्या दिवशीच लावायचे. ते शक्य नसेल तर दमट मातीत किंवा लाकडाच्या ओलसर भुशात पुरून ठेवा. टांगू मात्र नका.

कुंडीतली फुलं सगळ्यात महाग, पण त्यांचा एक फायदा आहे. काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. पाच-सहा कुंड्या घेऊन सुरुवात करणाऱ्यांना मी नाही म्हणणार नाही.

मला हे सगळं शिकवलं शेजारच्या वयस्कर बाईंनी. दुसऱ्या वर्षीही माझं फारसं काही उगवलं नाही हे त्यांनी कुंपणावरून पाहिलं होतं. मार्चमध्ये एका दुपारी त्या आपल्या सफरचंदाखालचा एक ठोंब मातीसकट उकरून, ओल्या वर्तमानपत्रात बांधून घेऊन आल्या. साठ-सत्तर रोपं असतील. सगळी लागली.

३. कुठून आणि कोणते घ्यावेत

आधी नियम. गॅलँथसच्या सगळ्या रानटी जाती साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. एकेकाळी तुर्कस्तानातल्या डोंगरांतून रानटी कंद लाखोंनी खणून युरोपात विकले जात, त्याला आळा घालण्यासाठी हा बंदोबस्त झाला. म्हणून देशाच्या सीमेपलीकडून येणाऱ्या प्रत्येक कंदाला परवाना लागतो. परदेशी विक्रेत्याने ‘काही लागत नाही’ असं सांगितलं तर तो व्यवहार सोडून द्या. देशातल्या रोपवाटिकेतूनही घेताना ‘लागवडीत वाढवलेले आहेत का?’ असं स्पष्ट विचारा. चांगले रोपवाटिकावाले या प्रश्नाने खूश होतात.

जंगलातून, ओढ्याकाठून, चर्चच्या आवारातून उपटून आणायचे नाहीत. हजारो आहेत, चार नेले तर काय, असं वाटतं खरं. पण १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टनुसार जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानटी रोप मुळासकट उपटणं हा गुन्हा आहे.

भारतात नेण्याचा विचारही मनात येईल. माझ्याही आईसाठी आला होता. कंद भारतात न्यायला तिथला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय साइट्सची कागदपत्रं वेगळी. आणि एवढं करून नाशिक-पुण्याच्या हवेत तो फुलणार नाही. त्याला दीर्घ थंडी लागते. आईला मी फोटो पाठवते.

आता वाण. पहिल्या खेपेला साधा गॅलँथस निवॅलिसच लावा. तो बिया धरतो, पसरतो, चुका माफ करतो. त्याचा दुहेरी पाकळ्यांचा प्रकार, फ्लोरे प्लेनो, बियांनी वाढत नाही, पण कंदांना पिल्लं भराभर फुटतात आणि ठोंब लवकर भरतो. मोठं, मधासारख्या वासाचं फूल हवं असेल तर ‘एस. आरनॉट’. उंच आणि लवकर फुलणारा ‘ॲटकिन्साय’ आमच्या जवळच्या पेन्सविक गावात राहणाऱ्या जेम्स ॲटकिन्स यांच्या नावाने ओळखला जातो, म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त जीव. रुंद पानांचा गॅलँथस एल्वेसाय हेन्री जॉन एल्वेस यांना १८७४ मध्ये तुर्कस्तानात सापडला. तो देखणा आहे, पण त्याला जास्त ऊन आणि उन्हाळ्यात कोरडी जमीन आवडते. ओल्या सावलीच्या कोपऱ्यासाठी तो पहिली पसंती नाही, आणि दुकानात नेमका तोच जास्त दिसतो. चिठ्ठी वाचून घ्या.

संग्राहकांच्या दुर्मिळ वाणांच्या नादाला सुरुवातीला लागू नका. २०२२ मध्ये ‘गोल्डन टिअर्स’ नावाचा एकच कंद ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडांना गेला. ते जग वेगळं आहे.

४. माती तयार करा

फार खणायची गरज नाही. झाडाखाली फावडं मारत सुटलात तर झाडाची बारीक मुळं तुटतात. आयव्हीचं जाळं असेल तर ते मुळासकट काढा, नाहीतर ती दोन वर्षांत सगळं झाकून टाकते. वरची दहा-बारा सेंटिमीटर माती खुरप्याने मोकळी करा आणि त्यात पानांचं खत मिसळा. माती चिकट असेल तर खतासोबत थोडी बारीक खडी घाला. ताजं शेणखत नको.

पानांचं खत विकत घेण्यापेक्षा घरी करावं. शरद ऋतूत गळलेली पानं ओली करून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, पिशवीला चार-पाच भोकं पाडायची आणि शेडमागे ठेवून द्यायची. वर्षाने जमिनीवर पसरण्याजोगं, दोन वर्षांनी काळं, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या रानासारखा वास येणारं खत तयार. त्या वासासाठीच मी दरवर्षी चार पिशव्या भरते.

५. लावणी

जुडी घरी आली की लगेच उघडा. लावायला उद्यापर्यंत वेळ लागणार असेल तर मुळं ओल्या कागदात, जुडी सावलीत. पाण्यात बुडवून ठेवू नका.

खोलीचं गणित जुडीवरच लिहिलेलं असतं. पानांचा बुंधा बघा: खाली पांढरट, वर हिरवा. रंग बदलतो तिथपर्यंत तो पूर्वी जमिनीत होता. तेवढाच पुन्हा पुरायचा. साधारण दहा सेंटिमीटर भरतं. सुका कंद असेल तर त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर.

एकेक रोप सुटं लावण्यापेक्षा दोन-तीन मिळून लावा आणि दोन झुबक्यांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवा. पन्नास रोपांनी दोन चौरंगांएवढी जागा भरते, हे आधीच ध्यानात असू द्या. सगळ्या बागेत विखुरले तर पहिली काही वर्षं एकही नजरेत भरणार नाही. एकाच जागी लावा, मग ते स्वतः पसरतील. ओळी आखू नका. मी मूठभर खडे हलकेच टाकते आणि जिथे पडतील तिथे लावते.

मुळं खड्ड्यात सरळ सोडा, दुमडू नका. माती लोटून बोटांनी हलकं दाबा, आणि झारीने पाणी द्या. पाऊस पडत असला तरी द्या, कारण पाण्याने माती मुळांना चिकटते.

पुढच्या चार-पाच दिवसांत पानं मलूल होऊन पडतील. लावणीचा धक्का आहे तो. कंद खाली जिवंत आहे.

६. पानांना हात लावू नका

फुलं गेल्यावर उरलेली पानं अस्ताव्यस्त दिसतात, आणि नेमका तेव्हाच गवत कापायचा हंगाम सुरू होतो. पानं पिवळी पडून आपोआप आडवी होईपर्यंत, म्हणजे साधारण मेच्या मध्यापर्यंत, ना कापायची, ना गाठी मारायच्या. पुढच्या वर्षाचं फूल त्या सहा-आठ आठवड्यांत कंदात घडत असतं. बागकामाला माणूस येत असेल तर भोवती काड्या रोवून दोरी बांधा. आमच्याकडे एका वर्षी एप्रिलमध्ये यंत्र फिरलं आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या पट्ट्यात नुसती बारीक पानं आली.

सुकलेल्या फुलामागे हिरवं बोंड धरतं. तेही राहू द्या. बियांना चरबीचा एक छोटा पांढरा तुकडा चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या बिया ओढून नेतात, तुकडा खातात, बी तिथेच टाकतात. जंगलात स्नोड्रॉप पसरतो त्यात मुंग्यांचा मोठा वाटा. बीपासून फूल यायला तीन-चार वर्षं तरी जातात.

७. उन्हाळा आणि शरद

जूनपासून जमिनीवर काहीच दिसत नाही. याच काळात सगळ्यात जास्त कंद मरतात ते फावड्याने, कारण जागा रिकामी समजून आपण दुसरं काही लावायला खणतो. पट्ट्या रोवून ठेवा. नेचे, होस्टा, प्रिमरोज यांची रोपं शेजारी लावली तर जागाही भरते आणि त्यांच्या सावलीत माती थंड राहते. सलग दोन-तीन आठवडे कोरडे गेले तर संध्याकाळी एक झारी पाणी द्या. कुंडीत लावले असतील तर हे विसरून चालणारच नाही. कुंडी उन्हाळ्यात सावलीत ठेवा.

नोव्हेंबरमध्ये पानांच्या खताचा तीन-चार बोटं थर पसरा. बाकी खत लागत नाही.

८. दुखणी

फार नाहीत. ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद उकरून नेणाऱ्या खारी याला सहसा तोंड लावत नाहीत.

उबदार, दमट हिवाळ्यात कोंब वर येतानाच राखाडी केसाळ बुरशीने माखलेले दिसले तर ते रोप आणि भोवतीची मूठभर माती लगेच काढा आणि घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. उन्हातल्या जागी नार्सिसस माशीची अळी कंद आतून पोखरते. सावलीत तिचा त्रास कमी.

९. दिसायला सारखं, पण वेगळं

या पायरीकडे दुर्लक्ष करू नका. दोन घोटाळे मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

पहिला: कोणी प्रेमाने ‘पांढऱ्या घंटांचा’ ठोंब देतं आणि तो निघतो थ्री-कॉर्नर्ड लीक. दांडा त्रिकोणी, एका दांड्यावर अनेक फुलं, प्रत्येक पाकळीवर मधोमध हिरवी रेघ, आणि चुरगळलं की कांद्याचा वास. तो बाग गिळून टाकतो, आणि रानात लावणं किंवा पसरू देणं कायद्याने मना आहे. घेण्याआधी पान चुरगळून वास घ्या. स्नोड्रॉपला कांद्याचा वास नसतो.

दुसरा घोटाळा धोक्याचा आहे. मार्चमध्ये त्याच ओलसर जंगलांत रानलसूण उगवते. आपल्याला रानभाज्यांची आवड, आणि रानलसणीची भजी आणि चटणी खरोखर सुंदर होते. पण तिच्या पानांत स्नोड्रॉपची आणि लॉर्ड्स-अँड-लेडीज नावाच्या रोपाची विषारी पानं मिसळून वाढतात. मूठ भरून खुडलं तर हाताला आधीच लसणीचा वास लागलेला असतो आणि नाक काही सांगू शकत नाही. म्हणून एकेक पान डोळ्यांनी पाहून खुडा. रानलसणीचं पान रुंद, मऊ, टोकदार, देठावर उभं. स्नोड्रॉपचं पट्टीसारखं अरुंद. घरी आल्यावर धुताना पुन्हा एकदा निवडा, मेथी निवडतो तशी.

बघायला कुठे जावं

लावण्याआधी एकदा जंगलात बघून या, असं वर म्हटलं. एक्समूरमध्ये वेडन क्रॉस गावाजवळ ॲव्हिल नदीच्या अरुंद खोऱ्याला स्नोड्रॉप व्हॅली असंच म्हणतात. ओढा, शेवाळलेली झाडं आणि उतारभर पांढरं. ओली जागा म्हणजे नेमकी कशी, हे तिथे दहा मिनिटांत समजतं. नॉरफॉकमध्ये वॉल्सिंगहॅम ॲबीच्या अवशेषांमागचं नदीकाठचं रान, बर्कशरमध्ये वेलफर्ड पार्क, आमच्याकडे पेन्सविकची रोकोको बाग आणि एल्वेस यांचं कोल्सबोर्न पार्क, फाइफमध्ये कॅम्बो. फुलण्याचा काळ हवेप्रमाणे पुढेमागे होतो. निघण्याआधी उघडं आहे का ते पाहा. आणि गमबूट घाला.

१०. ठोंब फोडणं आणि वाटणं

तीन-चार वर्षांनी ठोंब इतका दाटतो की मधली फुलं कमी होतात. तेव्हा फुलं ओसरताना, पानं हिरवी असताना, बागकामाच्या काट्याने बाहेरच्या बाजूने खोल उचला. मातीसकट वर काढा आणि हातांनीच सोडवा. कंद एकमेकांपासून अलगद सुटतात. अर्धे त्याच जागी परत, अर्धे पुढच्या झाडाखाली. वाऱ्याच्या किंवा कडक उन्हाच्या दिवशी हे करू नका. मी रिमझिम असेल असा दिवस निवडते. ठोंब वर काढण्याआधी नवे खड्डे तयार ठेवते, म्हणजे मुळं उघडी राहत नाहीत.

यंदा मार्चमध्ये चार घरी ठोंब गेले, त्यातलं एक कुटुंब कोल्हापूरहून नुकतंच आलेलं. शेजारच्या बाईंनी मला दिला होता तसाच, ओल्या वर्तमानपत्रात बांधून दिला. त्यांनी विचारलं, शनिवारी लावलं तर चालेल का? मी म्हटलं, आज अंधार पडायच्या आत लावा.